नबी आणि निष्ठा : कोकणच्या बेने इस्राएलांची साक्ष

कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर सुरत-बारडोलीचा मार्ग आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग एकमेकांस छेदतात. या कापडउद्योगाच्या परिसरात खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे आहेत, आणि त्यांचे वारसाहक्काचे तंटे आम्हां वकिलांच्या मेजावर वरचेवर येतात. अशाच एका प्रकरणात एका वृद्ध विधवेपाशी आपले नाते शाबीत करण्यास कागदाचा कपटाही नव्हता. लग्नाची नोंद नव्हती, शिधापत्रिकेवर नाव नव्हते. परंतु घरातील प्रत्येक कार्यात तिला थोरली काकू म्हणून मानाचे लुगडे मिळाले होते, श्राद्धपक्षाचा स्वयंपाक तिच्याच हातचा होत आला होता, आणि हे सांगणारी चार माणसे उभी राहण्यास तयार होती. जाणत्या आप्तांच्या आचरणातून व्यक्त झालेले नाते न्यायालयाने विचारात घ्यावे, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम राहिले आहे.

त्या कागदांची जुळवाजुळव करीत असता आमच्या मनात एक मोठा प्रश्न उभा राहिला. एका विधवेचे ठीक आहे. परंतु ज्या संबंध समाजाचे कागदच समुद्राने नेले, त्याने आपले नाते कशाने सिद्ध करावे? हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. आपल्याच कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके मराठी बोलत आलेल्या बेने इस्राएल समाजावर तो प्रसंग १९६० नंतर प्रत्यक्ष ओढवला. त्याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम त्या समाजाच्या हिब्रू धर्मग्रंथातील नबींकडे वळले पाहिजे. कारण निष्ठा म्हणजे काय, याचा खल त्यांच्याइतका कठोरपणे क्वचितच कोणी केला असेल.

नबी या शब्दाविषयी आपल्याकडे थोडा गैरसमज आहे. बायबलच्या जुन्या मराठी भाषांतरांत त्यास 'भविष्यवादी' असा प्रतिशब्द योजिला होता, आणि त्यामुळे नबी म्हणजे पुढचे सांगणारा कोणी जोशी असावा, अशी वाचकाची समजूत होई. पुढे 'संदेष्टा' हा शब्द रूढ झाला, तो अधिक योग्य होय. नबी भविष्य सांगतो खरा. पण त्याचे मुख्य कार्य पूर्वी दिलेल्या वचनाचे स्मरण करून देणे हे आहे. हिब्रू ग्रंथाच्या मते ईश्वर आणि ती प्रजा यांच्यामध्ये एक करार झालेला आहे. त्या कराराला ते 'बेरीत' म्हणतात आणि कराराला जागण्याच्या वृत्तीला 'हेसेद'. या हेसेदमध्ये दया आहे, प्रेम आहे, आणि दिलेल्या शब्दाला चिकटून राहणेही आहे. मराठीत त्यास 'निष्ठा' हाच शब्द सर्वांत जवळचा. करार मोडला की नबी उभा राहतो आणि जणू फिर्याद दाखल करतो. आरोपी बहुधा राजा असतो.

यांतील अग्रणी म्हणजे एलिया, ज्यास आपले बेने इस्राएल 'एलियाहू हन्नाबी' म्हणतात. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात, उत्तरेकडील इस्राएल राज्यात अहाब राजाच्या काळी तो झाला. त्याच्या कथांपैकी नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा वकिलाने तरी विसरू नये. नाबोथाचा मळा राजवाड्याला लागून होता. राजाने तो मागितला. बदल्यात चांगला मळा किंवा रोख मोल देऊ केले. हा वाडवडिलांचा वारसा आहे, तो मी देणार नाही, असे नाबोथाने उत्तर दिले. राजा रुसून अंथरुणावर पडला. तेव्हा राणी ईजबेल हिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा उठविली आणि ती नगराच्या वडीलधाऱ्यांकडे धाडली. उपवासाची दवंडी पिटण्यात आली. सभा भरली. दोन साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथाने देवाची व राजाची निंदा केली असे त्यांनी सांगितले. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचून मारण्यात आले.

या साऱ्या प्रकरणात कायद्याचे बाह्य अंग किती निर्दोष आहे, हे वाचकांनी पाहावे. मुद्रा खरी, सभा रीतसर, साक्षीदार शास्त्राने सांगितल्याप्रमाणे दोन, शिक्षाही शास्त्रोक्त. दस्तऐवजात खोट काढावयास जागा नाही. अहाब मळ्याचा ताबा घेण्यास निघतो, आणि तेथेच एलिया त्याच्या समोर येऊन उभा राहतो. तो एवढेच विचारतो की, खून करून वर वतनही घेतलेस काय? नगरातील वडील मंडळी राजनिष्ठ होती, म्हणूनच त्यांनी पत्राबरहुकूम काम केले. एलिया वचननिष्ठ होता, म्हणून तो राजाला आडवा आला. दोन्ही वृत्तींना आपण एकच 'निष्ठा' हा शब्द लावतो. त्यांमधील अंतर या एका कथेत स्पष्ट होते.

पुढे दोन-अडीचशे वर्षांनी यहुदाच्या राज्यात यिर्मया झाला. त्याने मंदिराच्या दारात उभे राहून येणाऱ्या भक्तांस सांगितले की, परक्याला, पोरक्याला आणि विधवेला छळावयाचे आणि वर 'हे देवाचे मंदिर आहे, येथे आपले काय वाकडे होणार' असे म्हणावयाचे, हा भ्रम आहे. अशाने हे मंदिरही उरणार नाही. त्याबद्दल त्याच्यावर अभियोग झाला आणि देहान्ताची मागणी झाली. त्या वेळी काही वृद्धांनी एक पूर्वदाखला पुढे केला, की हिज्कीया राजाच्या काळी मीखा नबीही असेच बोलला होता, आणि राजाने त्याला मारले नव्हते. पूर्वीच्या निकालाचा आधार घेऊन एक जीव वाचल्याचा इतका जुना दाखला आमच्या वाचनात दुसरा नाही. मात्र त्याच प्रकरणात ऊरिया नावाच्या दुसऱ्या नबीला मिसरातून पकडून आणून ठार केल्याचीही नोंद आहे. ग्रंथाने ती लपविलेली नाही.

त्याच यिर्मयाने पुढे एक खरेदीखत केले. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता, यिर्मया स्वतः कैदेत होता, आणि ज्या गावची जमीन ते अनाथोथ शत्रूच्या टाचेखाली गेले होते. अशा वेळी त्याने चुलतभावाचे शेत १७ शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. दस्ताच्या दोन प्रती झाल्या, एक मोहरबंद व एक उघडी. साक्षीदारांनी सह्या केल्या. आणि दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात घालून ठेवण्याची आज्ञा त्याने आपला लेखक बारुख याला दिली. व्यवहाराच्या दृष्टीने असा सौदा वेडेपणाचा. पण ज्याने मंदिर पडेल असे निक्षून सांगितले, त्यानेच या देशात पुन्हा घरे व शेते विकत घेतली जातील असेही सांगितले, आणि त्या वचनावर स्वतःचे पैसे लावले. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले आणि मंदिर जळाले. हनन्या नावाचा दुसरा एक नबी दोन वर्षांत सारे संकट टळेल असे गोड भविष्य सांगत होता, त्याचे शब्द खोटे ठरले. लोकांस रुचेल तेच सांगणे हे या ग्रंथाच्या दृष्टीने खोट्या नबीचे लक्षण आहे.

एलियाकडे एकदा परत येऊ. राणीच्या कोपाने तो रानोमाळ पळाला, मरण मागू लागला, आणि होरेब पर्वतावर पोचला. तेथे वादळ झाले, भूकंप झाला, अग्नी भडकला. पण ईश्वर त्यांपैकी कशातही नव्हता. शेवटी एक सूक्ष्म, शांत ध्वनी ऐकू आला. एलियाने तक्रार केली की, मी एकटाच उरलो आहे. त्यावर त्यास उत्तर मिळाले की, बआल दैवतापुढे ज्यांनी गुडघे टेकले नाहीत असे सात हजार लोक या देशात आहेत. या सात हजारांपैकी एकाचेही नाव ग्रंथाने दिलेले नाही. त्यांनी राजाला शब्द सुनावले नाहीत, त्यांच्या हातून चमत्कार घडले नाहीत. त्यांनी केवळ एक गोष्ट केली नाही, आणि तीच त्यांची निष्ठा होय. ही सात हजारांची गोष्ट मनात ठेवून वाचकांनी आता आमच्याबरोबर अलिबागनजीकच्या नवगावास यावे.

बेने इस्राएलांची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावापाशी फुटले, त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि धर्मग्रंथांसह सारे सामान समुद्राने गिळले. बुडालेल्यांस जेथे पुरले ते उंचवटे नवगावास दाखवितात. या घटनेचा काळ कोणी इ. स. पू. १७५ च्या सुमारास धरतो, कोणी पुष्कळ अलीकडचा मानतो. त्या सात जोडप्यांचा वंश कोकणच्या खेड्यांतून पसरला आणि गावांवरून केहीमकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर, पेणकर अशी आडनावे धारण करून राहिला. तेल गाळणे हा त्यांचा धंदा. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. मोशेच्या शास्त्राप्रमाणे या दिवशी बैलालाही विसावा द्यावयाचा असतो. त्यांच्यापाशी ते शास्त्र नव्हते. परंतु बैल मात्र विसावत होता. आमोस नावाच्या नबीने, विश्रामवार केव्हा सरतो आणि खोट्या मापाने धान्य केव्हा विकतो अशी घाई झालेल्या वाण्यांना शाप दिला होता. त्याचे नावही न ऐकलेले हे तेली आठवड्याचा एक दिवस आपला रोजगार सोडून देत होते.

ग्रंथ गेले तरी काय उरले, याचा हिशेब हईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या इतिहासात दिला आहे. केहीमकर हे १८३० साली जन्मलेले. १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाची शाळा काढण्यात ते पुढे होते. त्यांचा इंग्रजी इतिहास १८९७ साली लिहून झाला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यावरून दिसते की, सुंता राहिली, शनिवार राहिला, अन्नाचे विधिनिषेध राहिले, आणि ईश्वराचे एकत्व सांगणारी 'शमा' ही प्रार्थना राहिली. जन्म, लग्न, मरण, प्रत्येक प्रसंगी तीच एक म्हटली जाई. सण राहिले, पण त्यांची हिब्रू नावे विसरली गेली आणि कोकणी घरातील नावे त्यांस चिकटली : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. दारफाळणीला दारे लावून कडक उपवास करीत. तो यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. आणि यरुशलेमेचे मंदिर पडल्याचा शोकदिन, ज्या पतनाची सूचना यिर्मयाने दिली होती, त्याचे नाव येथे 'बिरड्याचा सण' असे झाले. कारण त्या दिवशी जेवणात वालाचे बिरडे असे. आमच्या वाचकांस बिरड्याची चव सांगावयास नको. परंतु त्या पानावर एका दूरदेशीच्या मंदिराचा शोक वाढला जात होता, ही गोष्ट क्षणभर थांबून विचार करण्यासारखी आहे.

परंपरा असेही सांगते की, कोचीनकडून दाविद राहबी नावाचे गृहस्थ आले. हे लोक खरोखर आपलेच काय, याची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी बायकांपुढे नाना जातीचे मासे ठेवले. बायकांनी खवले व पर नसलेले मासे निमूटपणे वेगळे काढले. राहबींची खात्री पटली आणि त्यांनी या समाजास शास्त्र शिकविण्यास आरंभ केला. हा आचरणाचा पुरावाच होय, आणि तो देणाऱ्या स्त्रियांची नावे कोणास ठाऊक नाहीत.

या समाजाने साऱ्या नबींमधून एलियाला विशेष आपलासा केला. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. त्या स्थळाला 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणतात. त्याच्या नावाने ऊरूस होतो. लग्नापूर्वी, नव्या घरात जाताना, नवस फिटला म्हणजे, 'मलिदा' करतात. म्हणजे भिजविलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, त्याभोवती फळे, आणि मध्ये एलियाचे स्तवन. पोह्याखोबऱ्याचा हा नैवेद्य पाहून आपल्यांपैकी कोणालाही परके वाटणार नाही. एलिया स्वर्गास गेला तो देहासकट, मरण न येता, अशी कथा आहे. तेव्हा तो केव्हाही दाराशी येऊ शकतो. ज्यांच्यापाशी ग्रंथ नाही, त्यांस असा चालताबोलता साक्षीदार हवाच होता. त्यातून ते स्वतःस 'यहुदी' न म्हणवता 'बेने इस्राएल' म्हणवीत, आणि एलियाही त्याच उत्तरेकडील इस्राएलचा नबी.

नवसाला जागण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण मुंबईत आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील समाजी हसाजी दिवेकर हे टिपूच्या कैदेत सापडले. सुटका झाल्यास प्रार्थनास्थान बांधीन असा नवस त्यांनी केला, आणि १७९६ साली मांडवीत बेने इस्राएलांची पहिली मशीद उभी केली. सिनेगॉगला त्यांचा मराठी शब्द 'मशीद' असाच होता.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ परत आले, आणि ते मिशनऱ्यांच्या हातून आले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले; मिशनच्या शाळांतून बेने इस्राएलांची मुले हिब्रू आणि बायबल शिकली. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. या लोकांनी व्याकरण घेतले, ग्रंथ घेतला, विद्या घेतली. धर्मांतर मात्र फारच थोड्यांनी केले. आपल्या हरवलेल्या नबींची त्यांनी मराठीत भेट घेतली आणि ते आपल्या घरी परतले. १८४६ साली मिसरातून सुटकेच्या रात्री वाचावयाची 'हग्गादा' हिब्रू व मराठीत मुंबईस निघाली. १८७४ च्या पुण्याच्या हग्गादेत सणाची भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दाखविल्या आहेत. १८८० च्या सुमारास तर त्यांनी आपल्या कीर्तनाचा साचा उचलला आणि अब्राहाम, योसेफ यांची आख्याने पूर्वरंग-उत्तररंगासह लावली. ज्या घरात आपण शेकडो वर्षे पाहुणे आहोत, त्या घरची भाषा आपल्या देवाला ऐकवावी, हा सुसंस्कृत कृतज्ञतेचा प्रकार आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विसाव्या शतकाच्या मध्यास या समाजाची संख्या २०,००० च्या आसपास होती. १९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाल्यावर त्यांतील बहुसंख्य लोक हळूहळू तेथे गेले. भारतात त्यांचा छळ झाला म्हणून ते गेले नाहीत; तसे येथे कधीच घडले नाही, आणि तेही ही गोष्ट अभिमानाने सांगतात. परंतु पोचल्यावर त्यांच्या नात्याविषयीच शंका निघाली. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांस फर्माविले की, बेने इस्राएल व अन्य यहुदी यांच्या विवाहाच्या वेळी मातृकुळाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. धर्मपीठाची बाजू अगदीच निराधार होती असे नव्हे. घटस्फोट व विधवाविवाह यांविषयीचे शास्त्र माहीत नसता जे विवाह झाले, ते ग्राह्य कसे मानावे, ही त्यांची अडचण होती. पण ज्यांच्या पूर्वजांचे ग्रंथही समुद्रात गेले, त्यांच्याकडे पणजीच्या आजीचे दाखले मागण्यात आले, हेही खरे. लोकांनी सत्याग्रहासारखी धरणी धरली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, असे जाहीर केले. त्यानंतर धर्मपीठानेही आपल्या आदेशातून त्यांचा नामनिर्देश काढला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने त्यांच्या रक्तात यहुदी आणि भारतीय दोन्ही अंश असल्याचे दाखविले. पण होशेया नबीचा विचार मानावयाचा तर, ईश्वराला यज्ञापेक्षा हेसेद प्रिय आहे. आणि हेसेदचा पुरावा रक्तात कसा सापडावा? तो बंद ठेवलेल्या घाण्यात आहे आणि वेगळ्या काढलेल्या मासळीत आहे.

आमचे वाचक देवस्थानांशी बांधलेले आहेत, म्हणून हा विषय त्यांच्यापुढे मुद्दाम मांडला. श्रीमंगेशाला १५६० साली कुशस्थळीहून जुवारी नदीपलीकडे प्रियोळास नेण्यात आले, तेव्हा देवाला वाचविणाऱ्या सर्वांची नावे तरी आपल्याला कोठे ठाऊक आहेत? तेही सात हजारांपैकीच. त्यांच्या निष्ठेवर आजची शिखरे उभी आहेत. आणि आपण? व्यवसायामुळे आम्हांस ठाऊक आहे की, देवस्थानांतील मानपानाचे, पालखीला पहिला खांदा कोणाचा याचे दावे वर्षानुवर्षे चालतात. दोन्ही पक्ष जुनी कागदपत्रे सादर करतात, आणि दोन्ही पक्ष आपणांस निष्ठावंत म्हणवितात. अशा वेळी मंदिराच्या दारात उभा राहिलेला यिर्मया आठवतो. तो कागद मागत नाही. परक्याचे, पोरक्याचे आणि विधवेचे तुम्ही काय केलेत, एवढेच तो विचारतो.

अठराव्या शतकात आमच्या सुरतेतही अरबी बोलणाऱ्या यहुदी व्यापाऱ्यांची वस्ती होती, सभास्थान होते, दफनभूमी होती. त्यांच्यापाशी ग्रंथही होते आणि धनही होते. बंदराचा व्यापार ओसरला आणि ते मुंबई-कलकत्त्यास निघून गेले. अलेप्पोचा शालोम कोहेन १७९८ साली सुरतेहूनच कलकत्त्यास गेला. त्यात त्यांचा दोष नाही. पण नवगावचे ते निरक्षर तेली, ग्रंथावाचून, एका प्रार्थनेच्या आणि एका शनिवारच्या बळावर टिकून राहिले. आज भारतात ते काही हजारच उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली आणि गुजरातने २०१८ साली यहुद्यांना अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली. अहमदाबादेत १९३४ सालची त्यांची 'मागेन अब्राहाम' ही मशीद आहे. तिकडे इस्राएलात गेलेल्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. म्हणजे जेथे होते तेथे त्यांनी यरुशलेमेचे स्मरण ठेवले, आणि तेथे पोचल्यावर मराठीचे.

आरंभी सांगितलेल्या विधवेचे प्रकरण अखेर घरातच मिटले. पुतण्यांनी तिचा हिस्सा कबूल केला. कागद आमच्याकडून करून घेतला तो नंतर.